ट्रायग्लिसराइड : खाणंपिणं आणि चालणं-फिरणं
ट्रायग्लिसराइड म्हणजे रक्तातून फिरणारी चरबी, शरीराचं साठवणीचं इंधन. लिपिड प्रोफाइलच्या रिपोर्टमध्ये कोलेस्टेरॉलच्या शेजारी दिसतं पण वस्तू वेगळी आहे. उपाशीपोटी दर डेसिलिटर रक्तात १५० मिग्रॅच्या खाली नॉर्मल, १५० ते १९९ काठावर, २०० च्या पुढे जास्त, आणि ५०० च्या वर गेलं की स्वादुपिंडाला सूज यायची भीती असते, तेव्हा काढे-बिढे करत बसू नये, सरळ डॉक्टर गाठावा.

नागपुरात आकडा वाढला की पहिला आळ सावजीच्या तर्रीवर येतो. तेलकट जेवणानंतर काही तास आकडा चढतो हे खरंच आहे, पण उपाशीपोटीचा आकडा वर धरून ठेवण्यात साखर, मैदा, ढीगभर भात आणि दारू यांचा हात मोठा असतो, कारण गरजेपेक्षा जास्त गोड आणि पिठूळ पोटात गेलं की लिव्हर त्याची चरबी बनवून रक्तात सोडतं. तर्री-पोह्यात लोकांना तर्री दिसते, प्लेटभर पोहे आणि त्यावर साखरेचा चहा कोणी धरतच नाही! दारूचं तर आणखीच वाईट, लिव्हर आधी तिलाच जाळत बसतं आणि चरबी मागे पडून राहते. संत्री खावी तर सोलून, फोडीसकट. रसात साखर घालून नाही, आणि संत्रा बर्फी म्हणजे संत्रं नव्हे. ज्वारीची भाकर, डाळ, पालेभाजी चांगली, जवसाची चटणीही चांगली, पण जवसातल्या ओमेगा-३ चा या आकड्यावर माशांच्या तेलाइतका जोर चालत नाही.

चालण्याचा फायदा मात्र लवकर दिसतो. स्नायू कामाला लागले की त्यांच्यातलं लायपोप्रोटीन लायपेज नावाचं एन्झाइम रक्तातली चरबी ओढून घेतं, हा परिणाम साधारण एक-दोन दिवस टिकतो, म्हणून फक्त रविवारी फुटाळा तलावावर चक्कर मारून भागत नाही, आठवड्यातले बहुतेक दिवस अर्धा तास तरी झपाझप चालायला पाहिजे. मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो तेव्हा अंबाझरी तलावावर पहाटेच जावं. वजन ५ ते १० टक्के उतरलं तरी आकडा जवळपास २० टक्के खाली येऊ शकतो.

एवढं करूनही उतरत नसेल तर शुगर आणि थायरॉइड तपासून घ्यावं, स्टेरॉइड चालू असेल तर तेही डॉक्टरला सांगावं. आणि टेस्टच्या आदल्या रात्री पार्टी करू नका, रिपोर्ट फुगून येतो.