डाग केवढा आणि डाग कुठे

नागपूरच्या धंतोलीतल्या दवाखान्यांबाहेर लकव्याच्या पेशंटचे नातेवाईक एमआरआयची फिल्म उजेडापुढे धरतात आणि पहिलं विचारतात, "डाग केवढा आहे?" लहान म्हटलं की चेहरे खुलतात. मी फिजिओथेरपिस्ट आहे, आणि हा दिलासा मला फार जपून द्यावा लागतो.

आकारावरून कळतं, मेंदूचा किती भाग रक्ताविना मेला. डाग फार मोठा असेल तर पहिल्या काही दिवसांत सूज येऊन जीवावर बेतू शकतं, म्हणून डॉक्टर तो बघतातच. पण हात परत चालेल का, याचं उत्तर बरंचसं जागेत असतं. हातापायाला हुकूम नेणारे तंतू मेंदूच्या वरच्या थरातून निघतात आणि खोलवर, इंटर्नल कॅप्सूल नावाच्या अरुंद पट्टीतून दाटीवाटीने खाली उतरतात. तिथे दीड सेंटिमीटरहून लहान डागानेही अख्खी बाजू लुळी पडू शकते. भर बाजारातल्या व्हरायटी चौकात एकच ट्रक आडवा झाला तर सारी बर्डी अडते. शहराबाहेर मिहानच्या माळावर दहा उभे राहिले तरी कुणाचं काही अडत नाही. अर्थात मेंदूत मोकळा माळ नसतोच. कपाळामागचा मोठा डाग चालणं शाबूत ठेवून स्वभाव बदलू शकतो, आणि डावीकडचा वाचाही नेऊ शकतो.

मग फिल्मवरची जागा पाहून भाकीत करावं? ऑकलंडच्या संशोधकांनी हाताच्या सुधारणेचं भाकीत करायची पद्धत २०१२ मध्ये मांडली, त्यात एमआरआय होता. २०१७ च्या सुधारित 'प्रेप-२' मध्ये तो गळला. त्यात लकव्यानंतर तिसऱ्या दिवशी हात खांद्यातून बाजूला उचलण्याची आणि बोटं उघडण्याची ताकद प्रत्येकी ५ पैकी मोजतात. बेरीज ५ किंवा जास्त असेल, तर तीन महिन्यांत हात चांगला सुधारण्याची शक्यता मोठी. कमी असेल, तर कवटीवरून चुंबकीय झटका देऊन हातापर्यंतची वाट शाबूत आहे का, ते तपासतात. एवढं करूनही सुमारे चारात एक अंदाज चुकतो.

भंडाऱ्याहून आलेल्या एका मुलाने परवा वडिलांची फिल्म पुढे केली. डाग मोठा होता, तो घाबरला होता. तिसरा दिवस होता. मी म्हटलं, "भाऊ, फिल्म राहू द्या जरा. काका, बोटं उघडा बरं." काकांनी हळूहळू चार बोटं उघडली.