त्रिकोण ते नवकोन, एकाच वर्तुळात

चाळीसगावजवळच्या पाटण इथे १२०७ सालचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, त्याची ही नोंद. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’ या गणिताच्या ग्रंथात एक उदाहरण आहे: २००० व्यासाच्या वर्तुळात बसणाऱ्या समभुज त्रिकोणापासून नवकोनापर्यंत प्रत्येक आकृतीची बाजू काढा. अपूर्णांक सोडून उत्तरं अशी: १७३२, १४१४, ११७५, १०००, ८६७, ७६५, ६८३. हेच आकडे पायथॉन या संगणकभाषेतल्या टर्टलला, म्हणजे पडद्यावर रेघ ओढत चालणाऱ्या कासवाला, देऊन बघा. लूपने, म्हणजे त्याच सूचना पुन्हापुन्हा फिरवून, चित्र काढायला शिकण्यासाठी यापेक्षा चांगला धडा शोधावा लागेल.

२००० व्यास पडद्यावर मावत नाही, म्हणून सगळ्या बाजूंना ५ ने भागा. वर्तुळाचा व्यास उरला ४००. पेन उचलून कासव आधी (०, −२००) या बिंदूवर न्या, नाहीतर लहान पडद्यावर आकृतीचा माथा खिडकीबाहेर जातो. आणि फाइलला ‘टर्टल’ हेच नाव देऊ नका. पायथॉन मग टर्टलच्या लायब्ररीऐवजी, म्हणजे त्याच्या तयार कोडऐवजी, तुमचीच फाइल उघडतो आणि तक्रार भलतीच करतो.

सप्तकोनासाठी लूप ७ वेळा फिरवा: १७३.४ पुढे, मग ३६०/७ अंश डावीकडे. कासव वळतं ते बाह्यकोनातून. त्रिकोणाला सवयीने ६० अंश दिले, तर तीन फेऱ्यांत अर्धा षट्कोन पडतो, हवेत १२०. भागाकारही संगणकालाच करू द्या. ३६०/७ ऐवजी सुटसुटीत ५१ लिहिलं की सात वळणांत ३५७ अंशच होतात आणि शेवटचं टोक पहिल्यापासून जवळजवळ १० पिक्सेल लांब राहतं. बाजूचं माप चुकलं तर आकृती फक्त लहानमोठी होते. बंद होणं न होणं सगळं कोनावर.

आता सातही आकृत्यांसाठी बाहेर दुसरा लूप लावा, ३ ते ९. पायथॉनमध्ये रेंज(३, १०) लिहायचं, कारण शेवटचा आकडा धरत नाहीत. आतल्या लूपच्या ओळी एक पायरी जास्त आत सरकवा. एवढं करूनही चित्र फसतं! आकृत्या तळाच्या एका रेषेवर उभ्या राहतात, वर्तुळ काही होत नाही. कारण सुरुवातीच्या बिंदूपाशी वर्तुळाची स्पर्शिका आडवी आहे आणि पहिली बाजू ही जीवा आहे. दोन्हींमधला कोन १८०/न, न म्हणजे बाजूंची संख्या. म्हणून आतल्या लूपआधी तेवढं डावीकडे वळा आणि लूप संपल्यावर तेवढंच उजवीकडे परत या. सगळे कोपरे मुकाट्याने एका वर्तुळावर येतात.

चांदण्या हव्या असतील तर वळण दुप्पट-तिप्पट करा. ७ ला दोन्ही चालतात. ६ ला दुप्पट दिलं की तोच त्रिकोण दोनदा गिरवला जातो, कारण ६ आणि २ ला सामाईक अवयव आहे.

ताळा करायला त्याच बिंदूवरून सर्कल(२००) काढा. हे ‘वर्तुळ’ खरं तर ४५ बाजूंचा बहुभुज असतं, आणि लायब्ररी ते काढताना आधी असंच अर्धं वळण घेते. सर्कलमध्ये स्टेप्स=७ लिहिलंत तर तुमच्याच सप्तकोनावरून ती पुन्हा रेघ मारेल.