ट्रान्झॅक्शन (रिलेशनल डेटाबेस)

डेटाबेसमधले अनेक बदल एकच काम मानून चालवले की त्या कामाला ट्रान्झॅक्शन म्हणतात. ते पूर्ण तरी होते, नाहीतर झालेच नव्हते असे धरले जाते. एका खात्यातून ५०० वजा झाले आणि दुसऱ्यात जमा होण्याआधी वीज गेली, तर ते ५०० कुठेच दिसणार नाहीत. हे टाळण्यासाठी ही सोय. ‘बिगिन’ने सुरुवात, ‘कमिट’ने शेवट, मध्येच बिनसले तर ‘रोलबॅक’, म्हणजे केलेले बदल मागे घेणे.

अविभाज्यता (सगळे किंवा काहीच नाही), सुसंगती (डेटा नियमांत बसणे), विलगता (एकाच वेळी चालणाऱ्या ट्रान्झॅक्शननी एकमेकींत न लुडबुडणे) आणि टिकाऊपणा (कमिट झालेले न हरवणे) या चार गुणांना थिओ हेर्डर व आंद्रेआस रॉयटर यांनी १९८३ मध्ये इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘ॲसिड’ हे नाव दिले. त्यातली सुसंगती बरीचशी प्रोग्राम लिहिणाऱ्याच्याच हातात असते.

कमिट झाले म्हणजे टेबलाची पाने (डेटा ज्या तुकड्यांत साठवतात ते) डिस्कवर गेली, असे नव्हे. आधी बदलाची नोंद लॉगमध्ये, म्हणजे बदलांच्या नोंदवहीत, होते. ती डिस्कवर पक्की झाली की कमिट झाले. पाने मागाहून सवडीने लिहिली जातात. सर्व्हर कोसळून पुन्हा उठला की लॉग वाचून कमिट झालेले बदल परत लावले जातात, अर्धवट राहिलेले रद्द होतात. आयबीएमच्या सी. मोहन व सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये मांडलेली ‘एरीज’ ही या कामाची गाजलेली पद्धत.

खरी गुंतागुंत विलगतेत आहे. समजा, दुकानात एका वस्तूचा साठा १० आहे. दोन ट्रान्झॅक्शन एकाच वेळी १० वाचतात, प्रोग्राममध्ये एक वजा करतात आणि दोघीही ९ लिहितात. विकले दोन, घटला एक! डेटाबेसच्या एसक्यूएल भाषेच्या एसक्यूएल-९२ या प्रमाणात विलगतेच्या चार पातळ्या आहेत, सैलपासून कडकपर्यंत: रीड अनकमिटेड, रीड कमिटेड, रिपीटेबल रीड व सीरियलायझेबल. पण नावावर विसंबू नये. रिपीटेबल रीडवर पोस्टग्रेएसक्यूएल हा डेटाबेस वरच्या उदाहरणातल्या दुसऱ्या ट्रान्झॅक्शनला एरर देऊन थांबवतो. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसच्या इनोडीबीत (त्याच्या डेटा साठवणाऱ्या भागात), साध्या सिलेक्टने (वाचण्याच्या आज्ञेने) वाचले असेल तर, त्याच नावाच्या पातळीवर ही चूक गुपचूप खपून जाते. त्यापेक्षा ‘साठा = साठा - १’ असा थेट अपडेट लिहावा, किंवा वाचतानाच ‘सिलेक्ट फॉर अपडेट’ने ओळ लॉक करावी, म्हणजे आपले काम होईपर्यंत दुसऱ्या कुणाला ती बदलता येत नाही.

लॉक आले की डेडलॉकही आला: पहिली दुसरीने धरलेल्या ओळीसाठी खोळंबते, दुसरी पहिलीच्या. डेटाबेस हे ओळखून दोघींपैकी एकीचा बळी देतो. तिला पुन्हा पहिल्यापासून चालवणे प्रोग्रामचे काम, आणि नेमका तोच कोड लिहायचा राहून गेलेला असतो.