शिळोप्याच्या गप्पांमधले २०० मिलिसेकंद

"काल बातम्या बघितल्यास?"
"कुठल्या बातम्या! ऑफिसातून सुटायलाच नऊ वाजले."
"मग स्वयंपाक?"
"केला की. करपला सगळा."
"आं?"
"करपला म्हटलं, करपला!"

दोन मैत्रिणींच्या या बोलण्यातून तिसऱ्या माणसाच्या हाती काय लागेल? काहीच नाही. बातमी कोणती ते कळलं नाही, ऑफिसात काय झालं ते कळलं नाही, आणि करपलेल्या स्वयंपाकाची माहिती जगाच्या काही उपयोगाची नाही. तरी दोघी तासभर बोलत बसतील आणि उठताना ताज्यातवान्या असतील.

मानववंशशास्त्रज्ञ ब्रॉनिस्लाव्ह मालिनोव्स्की यांनी १९२३ साली एका निबंधात अशा बोलण्याला नाव दिलं: 'फॅटिक कम्युनियन'. इथे शब्दांचं काम विचार पोचवण्याचं नसतंच, नुसत्या शब्दांच्या देवाणघेवाणीनं माणसं एकमेकांशी जोडली जातात, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यामुळे गप्पांचा विषय दुय्यम ठरतो, हे मला पटतं. पण मग मुख्य काय? माझ्या मते ते शब्दांत नाही, दोन वाक्यांच्या मधल्या फटीत आहे.

ही फट संशोधकांनी मोजली आहे. तान्या स्टिव्हर्स आणि सहकाऱ्यांनी २००९ साली जगातल्या १० वेगवेगळ्या भाषांमधल्या रोजच्या गप्पा तपासल्या. हो-नाही अशी उत्तरं असलेला प्रश्न संपल्यापासून उत्तर सुरू होईपर्यंत सरासरी सुमारे २०० मिलिसेकंद जातात, म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग. पापणी लवेपर्यंत खेळ आटोपतो. भाषांमध्ये फरक आहे, पण थोडाच: जपानीची सरासरी ७ मिलिसेकंद, डॅनिशची ४६९. डॅनिश लोकांना मंद म्हणायचं तर तेही अर्ध्या सेकंदाच्या आत बोलतात.

आता गंमत बघा. समोर चित्र ठेवून "हे काय?" विचारलं, तर त्या वस्तूचं नाव तोंडातून बाहेर पडायला ६०० मिलिसेकंदांच्या आसपास वेळ लागतो. शब्द आठवायचा, त्याचे ध्वनी जुळवायचे, जीभ-ओठांना हुकूम सोडायचा, हे सगळं त्यात आलं. मग एक शब्द जुळवायला ६०० लागत असताना २०० मध्ये उत्तर येतं कसं? एकच मार्ग उरतो. समोरची अजून बोलत असतानाच तिचं वाक्य कुठे जाणार याचा मेंदू अंदाज बांधतो, आपलं उत्तर रचून ठेवतो आणि तिच्या आवाजाचा उतार ओळखून नेमक्या क्षणी सोडतो. ऐकणं आणि बोलण्याची तयारी एकाच वेळी चालू असते. बरं, हे करताना हात चहा ढवळत असतात.

या फटीची आपल्याला इतकी सवय असते की ती जरा लांबली तरी अर्थ बदलतो. "उद्या जमेल का गं?" यानंतर सेकंदभर शांतता पडली, की नकार कळतो. होकार पटकन येतो. नकार आधी थांबतो, मग "अं…" करतो, मग कारण सांगतो. व्हिडिओ कॉलवर गप्पा रंगत नाहीत त्यालाही हेच एक कारण असावं. आवाज किंचित उशिरा पोचतो, दोघी एकदम बोलू लागतात, मग दोघी एकदम थांबतात.

आणि ते "आं?" मार्क डिंगेमान्स आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली दाखवलं, की एकमेकींशी नातं नसलेल्या भाषांमध्येही हा उद्गार आश्चर्य वाटावं इतका सारखा आहे. या शोधाला पुढे २०१५ चं इग नोबेल मिळालं. आधी हसवून मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला ते देतात. नीट ऐकू आलं नाही, पुन्हा सांग, अशी दुरुस्ती आपण किती वेळा मागतो? १२ भाषांच्या अभ्यासात सरासरी दर दीड मिनिटाच्या आत एकदा. म्हणजे गप्पा सतत थोड्या थोड्या बिघडत असतात आणि आपण चालता चालता त्या दुरुस्त करत असतो.

सगळ्यात जास्त कष्ट मात्र न बोलणाऱ्या व्यक्तीचे. "हं", "मग?", "अगं बाई!" हे हुंकार आपण फुकटचे समजतो. जेनेट बॅव्हेलस आणि सहकाऱ्यांनी २००० साली एक जरा खोडसाळ प्रयोग केला. एकानं आपल्यावर बेतलेला प्रसंग सांगायचा, दुसऱ्यानं ऐकायचं. काही श्रोत्यांना गुपचूप वेगळंच काम दिलं: एका ठरावीक अक्षरानं सुरू होणारे शब्द आले की बटण दाबा. श्रोते शब्द ऐकत होते, गोष्ट नाही. त्यांचे हुंकार कमी झाले, "बापरे!" सारखे गोष्टीला धरून येणारे तर फारच कमी. परिणाम सांगणाऱ्यावर झाला. ऐन रंगात यायला हवा तो शेवटच कोसळला. सांगणारे अडखळले, तेच तेच पुन्हा सांगू लागले. गोष्ट चांगली होणं अर्धं ऐकणाऱ्याच्या हातात असतं तर! मोबाइलकडे बघत "हं हं" करणाऱ्याला काही सांगताना आपलीच गोष्ट पुचाट का वाटू लागते, ते यावरून ताडता येतं.

हवापाण्याच्या गप्पा तब्येतीला चांगल्या की वाईट, या वादात फार शिरत नाही. २०१० च्या एका छोट्या अभ्यासात समाधानी माणसं अशा गप्पा कमी मारताना दिसली होती. २०१८ मध्ये त्यातल्याच काही संशोधकांनी बरीच जास्त माणसं घेऊन पुन्हा पाहिलं, तेव्हा तो संबंध टिकला नाही.

शेवटी राहतो निरोप. २०२१ च्या एका अभ्यासात गप्पा नेमक्या दोघांनाही हव्या त्या वेळी संपल्या, असं जेमतेम २ टक्के वेळा घडलं. कुणाला आधी उठायचं होतं, कुणाला आणखी बसायचं होतं, आणि समोरच्याच्या मनातलं दोघांनाही ओळखता आलं नव्हतं. संभाषणाचे अभ्यासक सांगतात, की निरोप एकदम घेता येत नाही, आधी "बरं…" म्हणावं लागतं. त्या "बरं" चा अर्थ असा: माझ्याकडचं संपलं, तुझं काही राहिलं असेल तर आत्ताच काढ.

"बरं, चल मग. निघते."
"हो, ये. अगं हां, एक सांगायचंच राहिलं…"