समुद्राखालच्या तारांची पहिली वर्षे

1861 साली ब्रिटनचे व्यापार खाते असलेल्या बोर्ड ऑफ ट्रेड आणि अटलांटिक टेलिग्राफ कंपनी यांच्या संयुक्त समितीने समुद्राखालून संदेश नेणाऱ्या तारांचा हिशेब मांडला. तोवर टाकलेल्या सुमारे 11,000 मैलांपैकी जेमतेम 3,000 मैल तार चालू होती. आज जहाजांच्या आणि भांडवलदारांच्या पराक्रमाने भरलेला हा इतिहास खरे तर या अपयशांपासून वाचायला हवा.

पहिला प्रश्न आवरणाचा. तांब्याची उघडी तार पाण्यात सोडली की वीज पाण्यातच जिरते. यावर उपाय सापडला तो मलाया, सुमात्रा आणि बोर्निओच्या जंगलांतल्या एका झाडाच्या चिकात. हाच गटापर्चा. गरम पाण्यात तो मऊ होतो, तारेवर दाबून बसवता येतो, गार झाला की घट्ट होतो आणि समुद्रतळाच्या थंडीत वर्षानुवर्षे टिकतो. ऊन आणि हवा मात्र त्याला सोसत नाही. युरोप आणि अमेरिका जोडणाऱ्या 1858 च्या पहिल्या अटलांटिक केबलची गुंडाळी उन्हात राहिली, तेव्हा चीक मऊ होऊन तांबे मधोमध न राहता कडेला सरकले. तिथे आवरण पातळ झाले, म्हणजे गळतीची जागा आधीच तयार झाली. पुढे जहाजावरही केबल पाण्याने भरलेल्या टाक्यांत ठेवू लागले.

दुसरा प्रश्न संदेशाच्या गतीचा. तांबे, चीक आणि बाहेरचे पाणी मिळून एक लांबलचक धारित्र, म्हणजे वीज साठवून धरणारी रचना बनते. तार चालू-बंद केली तरी दुसऱ्या टोकाला ठळक ठोका न पोहोचता पसरट लाट पोहोचते. लांबी दुप्पट तर विलंब चौपट, हे भौतिकशास्त्रज्ञ विल्यम थॉमसन यांनी गणिताने दाखवले होते. विद्युतज्ज्ञ वाइल्डमन व्हाइटहाउस यांना ते पटले नाही. त्यांनी सुमारे 2,000 व्होल्टचा दाब लावला आणि आधीच अधू असलेली ती 1858 ची केबल काही आठवड्यांतच मेली. व्हिक्टोरिया राणीचा 98 शब्दांचा संदेश जायला तिच्यावर सुमारे 16 तास लागले होते. थॉमसन यांनी उलट, अत्यंत क्षीण प्रवाह टिपणारे आरशाचे गॅल्व्हनोमीटर बनवले. त्यात प्रकाशाचा ठिपका डावीकडे की उजवीकडे सरकतो, एवढेच वाचायचे.

त्या अल्पायुषी केबलने एक काम मात्र करून दाखवले. 1857 च्या उठावामुळे कॅनडातून परत बोलावलेल्या दोन पलटणींना तिथेच थांबण्याचा हुकूम तिच्यावरून गेला आणि वाहतुकीचे सुमारे 50,000 पौंड वाचले असे मानले गेले. साम्राज्याला तारेची किंमत कळली ती इथे. लगेच तांबड्या समुद्रातून कराचीपर्यंत केबल टाकण्यात आली आणि ती चालो वा न चालो, भागधारकांना परतावा देण्याची हमी ब्रिटिश सरकारने घेतली. ताणून टाकलेली ती केबल तळाच्या उंचवट्यांमध्ये लोंबकळत राहिली आणि तुटली. हमी मात्र चालूच राहिली. उंचसखल तळावर केबलला जादा ढील देणे का अपरिहार्य आहे, हे इतक्या महागात शिकावे लागले.

1866 मध्ये ‘ग्रेट ईस्टर्न’ या जहाजाने अटलांटिकपार टिकाऊ तार नेली. शिवाय 1865 मध्ये तुटून दोन मैलांहून खोल बुडालेले टोकही गळ टाकून वर काढले आणि जोडले. सुरुवातीचा दर पत्त्यासह 20 शब्दांना 20 पौंड. सामान्य माणसाचा यात संबंधच नव्हता. ही तार वापरली सरकारांनी, व्यापाऱ्यांनी आणि वृत्तसंस्थांनी. दरामुळे भाषाही आखूड झाली. व्यापारी सांकेतिक कोश वापरत. अख्ख्या सौद्याचा अर्थ एका शब्दात बसे. पण एक अक्षर चुकले तर भलताच माल मागवला जाई. 1870 मध्ये मुंबई एडन-सुएझमार्गे लंडनला जोडली गेली आणि आठवड्यांपूर्वीच्या पत्रावर चालणारे कापसाचे सौदे आता तारेवरच्या भावांवर होऊ लागले.

या सगळ्याचा भार जंगलावर पडला. रबराच्या झाडासारखी गटापर्चाच्या झाडाला खाच पाडून भागत नाही, कारण चीक सालीतच गोठतो. म्हणून झाड पाडून खोडाला जागोजागी कड्यासारखे काप देत, आणि हाती येई तो थोडाच चीक. 1885 मध्ये डचांनी जावातील चिपेतिर येथे मळा लावला. पुढे तिथे पानांतून चीक काढू लागले, म्हणजे झाड तोडावे लागत नसे. पण तोवर मलायातली जुनी झाडे मोठ्या प्रमाणावर तुटून गेली होती. समुद्राखालच्या तारांसाठी गटापर्चाची गरज संपली ती 1930 च्या दशकात शोध लागलेल्या पॉलिथीनने त्याची जागा घेतल्यावर.