पाळीआधीचं चॉकलेट आणि मॅग्नेशियमची गोष्ट

पाळीआधी चॉकलेट खावंसं वाटलं की शरीर मॅग्नेशियम मागतंय, हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. तसं असतं तर आधी तीळ आठवले असते! 100 ग्रॅम तिळात सुमारे 350 मिलिग्रॅम मॅग्नेशियम असतं, मिल्क चॉकलेटमध्ये जेमतेम 60. शिवाय अमेरिकेत जन्मलेल्या स्त्रियांच्या मानाने बाहेरून तिथे आलेल्या स्त्रियांत ही ओढ बरीच कमी आढळली आहे. म्हणजे सवयीचा वाटा मोठा.

भूक मात्र पाळीआधीच्या दिवसांत हार्मोन्समुळे खरंच वाढू शकते. ती मारू नका, आधी नीट जेवा. मग तिळाचा एक लाडू, खजूर-शेंगदाणे किंवा डार्क चॉकलेटच्या दोन वड्या सावकाश खा. गुळाचे म्हणून पाच लाडू नकोत, गुळातही साखरच असते.