जंगलातले पक्षी मोजायचे, पण उभं कुठे राहायचं? वादाची पार्श्वभूमी

राधानगरी अभयारण्यात पक्षी मोजायचं ठरलं की पॉइंट, म्हणजे उभं राहून मोजायच्या जागा, कुठे घ्यायच्या यावरून चर्चा पेटतेच, दाजीपूरच्या जीपच्या रस्त्याने जायचं का कारवीच्या झुडपांत घुसून जळवा अंगावर घ्यायच्या. वाद आपला वाटतो पण आहे बाहेरचा आणि जुना.

सुरुवातीचं पटकन सांगतो. १९०० पासून अमेरिकेत नाताळची गणना, १९८७ पासून आपल्याकडे जानेवारीत पाणपक्ष्यांची. तलावावर जागेचा घोळ कमी, रंकाळ्याच्या काठावर दुर्बीण लावली की उघडं पाणी बऱ्यापैकी नजरेत येतं. जंगलात नजर लगेच अडते आणि अर्ध्याहून जास्त काम कानावर चालतं, पण सवय मात्र आपण काठावरचीच आत नेली असं माझं मत.

खरी भानगड १९६६ ची. अमेरिकेत तेव्हा रस्त्याकडेची गणना सुरू झाली, साधारण ३९ किमीचा रूट, ५० थांबे, दर ०.८ किमीवर एक, प्रत्येक थांब्यावर ३ मिनिटं आणि ४०० मीटरच्या आतलं जे दिसेल-ऐकू येईल ते लिहायचं. रूट कुठून सुरू करायचा हे रँडम ठरवलेलं पण गाडी रस्त्यावरच. का, तर हौशी माणसं एका सकाळी एवढं अंतर पायी करणारच नाहीत, आणि गणना करवणाऱ्यांचं म्हणणं असं की आम्हाला एकूण पक्षी नकोत, दरवर्षी वाढले का घटले एवढंच बघायचंय, चूक दरवेळी तीच असली की ट्रेंड बरोबर येतो. ऐकायला पटतं. पण चूक तीच राहते कुठे? रस्ता रुंद झाला, कडेची झाडं तुटली, ट्रॅफिक वाढलं की कडेचे पक्षी बदलतात आणि आपले कानही कमी ऐकतात, आत जंगलात काहीच झालेलं नसलं तरी आकडा हलतो. शिवाय कडेला ऊन आणि झुडपं, म्हणून बुलबुल भरपूर, आणि कर्णा (मलबार ट्रोगन) यासारखा सावलीतला पक्षी कमी भरतो.

ब्रिटनमध्ये वेगळीच गंमत, तिथे १९६२ पासून लोक आपापली आवडती जागा निवडून मोजायचे, साहजिकच चांगल्या जागा जास्त आल्या, म्हणून १९९४ मध्ये रँडम निवडलेले १ किमीचे चौकोन आणले. माझा कल उघड आहे, मला हेच पटतं.

आपल्या घाटात उंचसखलपणा अजून घोळ करतो. सड्याच्या, म्हणजे खडकाळ पठाराच्या, टोकावर उभं राहिलं तर खालच्या दरीतला धनेश आणि रानकोंबडा दोन्ही ऐकू येतात आणि ते त्या पॉइंटच्या खात्यावर जमा होतात, ओढ्याशेजारी उभं राहिलं तर पाण्याच्या आवाजात जवळचासुद्धा पक्षी सुटतो. म्हणून ठरावीक त्रिज्येतलेच पक्षी धरायचे आणि प्रत्येकाचं अंतर लिहायचं ही पद्धत पुढे आली, आपले लोक मात्र अंतराचा कॉलम रिकामा ठेवतात.

केरळात २०१५ ते २०२० मध्ये अख्ख्या राज्याचे चौकोन पाडून, त्यातले रँडम निवडून दोन हंगामांत हौशी लोकांनीच मोजणी केली, म्हणजे स्वयंसेवकांना जमत नाही हे कारण आता चालायचं नाही. इथे अडचण परवानगीची, पावसात दाजीपूर बंद असतं आणि ट्रॅक सोडून आत जायला वेगळी विचारणा लागते. त्यावर हल्ली आवाज टिपणारी यंत्रं झाडाला बांधायचा पर्याय सांगतात, चांगलाय, फक्त तीसुद्धा लोक बांधणार सोयीच्या झाडालाच, रस्त्यापासून दहा पावलांवर.